दिवस राहत नाहीत: तपासणीला कधी जायचं आणि सुरुवात कुणापासून करायची

गायनॅककडे या कारणासाठी येणाऱ्या जोडप्यांत दोन टोकं हमखास दिसतात. एकीकडे पंचविशीतली मुलगी, लग्नाला चार महिने झालेले, पाळी नियमित, आणि सोबत आलेल्या सासूबाईंच्या पर्समध्ये कुठल्याशा शिबिरात केलेला एएमएचचा (बीजं किती उरलीत याचा अंदाज देणाऱ्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट. दुसरीकडे अडतिशीची बाई, पाच-सहा वर्षं ‘चान्स घेतोय’ म्हणणारी, चार डॉक्टर बदललेली, मांडीवर जाडजूड फाईल. आणि त्या फाईलमध्ये नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नाही. पहिलीला एवढ्यात यायचं काहीच कारण नव्हतं. दुसरीने चार-पाच वर्षं आधी यायला हवं होतं, आणि नवऱ्याला घेऊन.

कधी जायचं हे तीन गोष्टींवर ठरतं: बाईचं वय, पाळीची तऱ्हा आणि दोघांची आधीची दुखणी. सोसायटीत कुणाची सून कितव्या महिन्यात राहिली, हे त्या हिशेबात येत नाही.

आधी महिने नीट मोजा

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे गर्भनिरोधक न वापरता, नियमित शरीरसंबंध ठेवून १२ महिने झाले आणि गर्भ राहिला नाही, तर त्याला वंध्यत्व म्हणतात. वर्षाचा हा आकडा हवेतून आलेला नाही. बाई चाळिशीच्या आत असेल तर १०० जोडप्यांपैकी साधारण ८० ते ८५ जणांकडे पहिल्या वर्षात दिवस जातात, आणि उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांकडे दुसऱ्या वर्षात, कुठलाही उपचार न घेता. म्हणून तरुण जोडप्याला चौथ्या महिन्यात लॅबच्या रांगेत उभं करणं म्हणजे पैसा आणि झोप दोन्ही घालवणं.

मोजणी लग्नाच्या तारखेपासून करायची नाही; साधनं वापरणं थांबवलं त्या महिन्यापासून करायची. तांबी काढली असेल तर लगेच पुढच्या पाळीपासून मोजा. गोळ्या बंद केल्यावर बहुतेकींची पाळी दोन-तीन महिन्यांत रुळावर येते. सरकारी दवाखान्यात मिळणारं ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन घेत असाल तर मात्र शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला बरेच महिने लागू शकतात. तो उशीर इंजेक्शनचा असतो, तुमच्यात दोष असतो असं नाही. डॉक्टरांना त्याची तारीख जरूर सांगा.

आता नियमितपणाचं. आठवड्यातून दोन-तीनदा, म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी संबंध येत असतील तर तेवढं पुरतं. पण मुंबईत नेमकं हेच जमत नाही, आणि दवाखान्यात ते कुणी बोलत नाही. नवरा महापेला रात्रपाळीला, बायको सकाळची ७.४०ची फास्ट पकडून फोर्टला, रविवारी दोघं मेल्यासारखी झोपतात. दहा बाय बाराच्या खोलीत मधे पडदा आणि पलीकडे सासू-सासरे. नवरा बोटीवर असेल तर सहा-सहा महिने घरीच नसतो. असे महिने मोजणीत धरू नका. वर्ष झालं म्हणून आलेल्या कित्येक जोडप्यांचे खरे प्रयत्न तीन-चार महिन्यांचेच असतात. तिथे औषधाच्या आधी शिफ्टची अदलाबदल किंवा चार दिवस अलिबागला जाणं जास्त कामाचं ठरतं. ऑफिसात कारण सांगायची गरज नाही.

यात एक मेख आहे. महिने मोजणीत धरले नाहीत तरी वय पुढे सरकतच असतं. बोटीवरच्या माणसाची बायको छत्तीसची असेल तर तिने मोजणी पुरी व्हायची वाट पाहू नये. नवरा सुट्टीवर आला की पहिल्याच आठवड्यात दोघांच्या प्राथमिक तपासण्या उरकाव्यात.

वयाप्रमाणे मुदत अशी: बाई ३५च्या आत असेल तर १२ महिने, ३५ पूर्ण झाली असतील तर ६ महिने, चाळिशी ओलांडली असेल तर मूल हवं असं ठरवलं त्याच महिन्यात डॉक्टरांना भेटा. बाई जन्माला येते तेव्हाच तिच्याकडे आयुष्यभराची स्त्रीबीजं असतात, नवीन तयार होत नाहीत. पस्तिशीनंतर त्यांची संख्या आणि प्रत दोन्ही वेगाने उतरतात, आपोआप गर्भपात होण्याचं प्रमाणही वाढतं. चौतीस वर्षं आठ महिने वय असेल तर मी पस्तीसच धरीन. चार महिन्यांसाठी वाद घालण्यात अर्थ नाही.

पहिलं मूल झालंय म्हणून दुसऱ्याच्या वेळी निर्धास्त राहू नका. मधल्या पाच-सात वर्षांत वय वाढलेलं असतं, सिझेरियन किंवा गर्भपातानंतर एखादा संसर्ग होऊन गेलेला असतो, नवऱ्याचं वजन, साखर, तंबाखू सगळं बदललेलं असतं. दुसऱ्या मुलासाठीही मुदतीचे नियम तेच.

यांनी मुदत बघायचीच नाही

पाळी २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे येत असेल, किंवा तीन-तीन महिने येतच नसेल, तर बीज वेळेवर बाहेर पडत नसण्याची शक्यता मोठी. अशीने बारा महिने मोजत बसणं फुकट आहे. पीसीओएस (बीज वेळेवर पिकून सुटत नाही असा हार्मोनचा बिघाड), थायरॉइड, वाढलेलं प्रोलॅक्टिन (दूध तयार करणारं हार्मोन) यांपैकी काय आहे ते आधी बघायला हवं. पाळीत दरवेळी अंथरूण धरावं लागतं, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं, पाळीत शौचाला त्रास होतो, ही एंडोमेट्रिओसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो त्या आजाराची) लक्षणं असू शकतात. आपल्याकडे ‘लग्न झालं की थांबेल’, मग ‘मूल झालं की थांबेल’ म्हणत हे दुखणं वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं.

याशिवाय:

- पूर्वी क्षयरोग झालेला, अगदी लहानपणी झाला असला तरी. किंवा घरात कुणाला झालेला
- नळीत (गर्भाशयाला जोडलेल्या गर्भनलिकेत) गर्भ राहिलेला, फुटलेल्या अपेंडिक्सचं ऑपरेशन, ओटीपोटाचा संसर्ग, बीजकोशाची गाठ काढलेली
- कर्करोगासाठी केमोथेरपी किंवा रेडिएशन, दोघांपैकी कुणालाही
- आई किंवा सख्ख्या बहिणीची पाळी चाळिशीच्या आत बंद झालेली
- दोन किंवा जास्त गर्भपात आपोआप झालेले (यांच्या तपासण्या वेगळ्या असतात)
- नवऱ्याचं अंडकोषाचं ऑपरेशन, लहानपणी अंडकोष खाली न उतरलेला, वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजलेले, किंवा जिममध्ये घेतलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं

आणखी एक गोष्ट आहे, जी यादीत लिहिली की लोक नजर चुकवून पुढे जातात. लग्नाला वर्ष झालं तरी संबंध पूर्ण होऊच शकलेले नाहीत, अशी जोडपी वाटतात त्यापेक्षा बरीच असतात. बाईचे स्नायू भीतीने घट्ट आवळले जातात, आत काही जाऊच देत नाहीत. किंवा पुरुषाला ताठरता येत नाही, टिकत नाही. दोन्हींवर चांगले उपचार आहेत. पण जोडपं लाजेपोटी ‘प्रयत्न चालू आहेत’ म्हणतं, डॉक्टर बीज वाढायच्या गोळ्या लिहून देतात, आणि वर्ष सरतं. हे पहिल्याच भेटीत, एका वाक्यात सांगून टाका. डॉक्टरांना यात नवीन काही नसतं.

मुदत संपेपर्यंत काय करायचं

हातात वेळ असेल तर तो नुसता वाट पाहण्यात घालवू नका. बाईने फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करावं, गर्भ राहण्याआधीच. बाळाचा मणका आणि मेंदू तयार होतो तो पहिल्या काही आठवड्यांत, पाळी चुकली हे कळायच्या सुमारास. मिरगीची औषधं, मधुमेह असं काही असेल तर मात्रा डॉक्टरांना विचारून. रुबेला होऊन गेला नसेल किंवा लस घेतली नसेल तर आत्ता घ्या आणि त्यानंतर एक महिना दिवस जाऊ देऊ नका. साखर, रक्तदाब, थायरॉइड तपासून घ्या.

थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एचपीएलसी ही रक्ततपासणी दोघांपैकी एकाने तरी करावी. सिंधी, लोहाणा, पंजाबी समाजात याचे वाहक जास्त असले तरी मराठी घरांतही ते निघतात. वाहकाला स्वतःला काही होत नाही, फार तर हिमोग्लोबिन थोडं कमी दिसतं. एक वाहक निघाला तर दुसऱ्याची तपासणी करायचीच, कारण दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता २५ टक्के असते. मामे-आत्ते भावंडांत लग्न झालं असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

पाळीच्या तारखा लिहून ठेवा. ॲपमध्ये ठेवा नाहीतर कालनिर्णयवर गोल करा, पण ठेवा. पहिला दिवस म्हणजे व्यवस्थित रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचा डाग मोजायचा नाही. बीज पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी बाहेर पडतं. लोक पाळीपासून चौदावा दिवस मोजतात, ते फक्त २८ दिवसांच्या पाळीला लागू. पाळी ३४ दिवसांची असेल तर बीज विसाव्या दिवसाच्या आसपास. बीज जेमतेम १२ ते २४ तास टिकतं, शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणून कामाचे दिवस सहा: बीज सुटायचा दिवस आणि त्याआधीचे पाच. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या एलएचच्या (बीज सुटायच्या आधी वाढणारं हार्मोन लघवीत दाखवणाऱ्या) पट्ट्या वापरायला हरकत नाही, पण पीसीओएस असेल तर त्या खोटा होकार देऊ शकतात. आणि ‘आज पट्टी आली, लवकर घरी ये’ या मेसेजने घरात जो ताण येतो, तो पाहता दर दोन-तीन दिवसांचा साधा नेम मला जास्त बरा वाटतो.

तंबाखू, मावा, सिगारेट बंद. पीसीओएस आणि वजन जास्त असेल तर आहे त्याच्या ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी कित्येकींची पाळी आपणहून नियमित होते. उपास-नवस ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे. फक्त महिनोन्महिने कडक उपास करून शरीराचे हाल करू नका.

पहिला रिपोर्ट त्याचा

काउंटरवर ‘पेशंटचं नाव?’ विचारलं की नवरा बायकोचं नाव सांगतो. तिथूनच बिनसतं. मूल न होण्याच्या जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण पुरुषाकडे, एकट्याचं किंवा दोघांत वाटून, सापडतं. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त, न दुखणारी आणि त्याच दिवशी रिपोर्ट देणारी तपासणी. म्हणून ती सुरुवातीलाच व्हायला हवी. ती न करता बायकोला बीज फुटायच्या गोळ्या महिन्यामागून महिने देणं, नळ्यांची तपासणी करणं, दुर्बिणीचं ऑपरेशन करणं हे उलटं काम आहे. असा सल्ला मिळाला तर ‘डॉक्टर, आधी यांची तपासणी करू का?’ असं बायकोनेच विचारावं. नवरा नाराज झाला तरी.

तयारी सोपी आहे. आधी किमान दोन, जास्तीत जास्त सात दिवस संबंध किंवा हस्तमैथुन नको. दहा-पंधरा दिवस ‘साठवलं’ तर रिपोर्ट चांगला येतो हा गैरसमज. जुने शुक्राणू मरगळलेले निघतात. लॅबने दिलेल्या डबीतच नमुना द्यायचा, साबण, तेल, थुंकी काहीही न लावता, आणि नेहमीच्या निरोधमध्ये नाही, कारण त्यात शुक्राणूंना मारक रसायन असू शकतं. सुरुवातीचा थोडा भाग डबीबाहेर गेला तर लपवू नका, तसं सांगा. शुक्राणू सगळ्यांत जास्त त्यातच असतात आणि तो सांडला तर रिपोर्टमधला आकडा उगाच कमी येतो.

शक्यतो नमुना लॅबमध्येच द्या. अडचण ही की बऱ्याच ठिकाणी ‘सँपल रूम’ म्हणजे वॉशरूमच असतं: कडी नीट लागत नाही, बाहेर पाण्याच्या कूलरपाशी लोक बोलतायत, आणि मधेच कुणीतरी दार वाजवतं. तिथे नाही जमलं तर त्यात कमीपणा काही नाही. आधी फोन करून वेगळी खोली आहे का विचारा, बायको सोबत आत येऊ शकते का तेही विचारा. घरून आणायचा तर अर्ध्या तासात, फार तर एका तासाच्या आत लॅबच्या हातात पडायला हवा. म्हणजे विरारला राहून दादरच्या लॅबमध्ये नमुना नेणं बाद. घराजवळची, वीर्यतपासणी रोज करणारी लॅब शोधा. डबी शर्टाच्या आत अंगालगत ठेवा. एसी गाडीच्या डॅशबोर्डवर नको, फ्रिजमध्ये तर अजिबात नको.

रिपोर्ट वाचताना जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतल्या या खालच्या मर्यादा समोर ठेवा: वीर्य १.४ मिली, एका मिलीत शुक्राणू १ कोटी ६० लाख, एकूण ३ कोटी ९० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, आणि योग्य आकाराचे ४ टक्के. शेवटच्या आकड्याने माणसं हादरतात. ‘९६ टक्के खराब!’ पण चार टक्के योग्य आकाराचे असणं हे सर्वसामान्यच आहे. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले अशा पुरुषांचे नमुने तपासून या मर्यादा काढल्यात, आणि त्यांतलेही पाच टक्के पुरुष या रेषेच्या खाली होते. म्हणजे आकडा खाली आला की मूल होणारच नाही असं नाही, आणि वर आला की होणारच अशी हमीही नाही.

एक रिपोर्ट कमी आला तर तेवढ्यावर निकाल लावू नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू किंवा मलेरियाचा ताप येऊन गेला असेल तर सप्टेंबरचा रिपोर्ट पडलेला येऊ शकतो. तीन महिन्यांनी पुन्हा करा. भट्टीजवळ, बेकरीत, उष्णतेत काम असेल तर तेही सांगा. एकही शुक्राणू दिसला नाही तर मात्र तीन महिने थांबू नका: लगेच दुसरा नमुना, आणि युरोलॉजिस्ट किंवा अँड्रोलॉजिस्टकडे (पुरुषांच्या प्रजननाचे डॉक्टर). पुरुषाच्या वाईट रिपोर्टवर गायनॅकने नुसती व्हिटॅमिनची चिठ्ठी लिहून दिली तर ते पुरेसं नाही. त्याची प्रत्यक्ष तपासणी व्हायला हवी. शिरा फुगणं म्हणजे व्हेरिकोसील हाताला लागतं, कागदावर दिसत नाही. जिमवाल्याने ‘पॉवर वाढेल’ म्हणून टोचलेलं टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंचं उत्पादनच बंद पाडतं, तेव्हा ते आधी कबूल करा.

तिच्या तपासण्या, पाळीच्या दिवसांप्रमाणे

यांच्यात तारखेला महत्त्व आहे, म्हणून डॉक्टरांच्या भेटीची वेळ पाळीआधी आठवडाभर घ्या. मग चिठ्ठी हातात असते.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिओल या हार्मोन्सची रक्ततपासणी. याच दोन-चार दिवसांत आतून सोनोग्राफी केली तर बीजकोशातल्या लहान पिशव्या मोजता येतात, शिवाय गर्भाशयात फायब्रॉइड, पॉलिप आहे का कळतं. आतल्या सोनोग्राफीला लघवी करून जायचं असतं, पोटावरच्या सोनोग्राफीसारखं पाणी पिऊन तुंबून बसायचं नसतं. पाळी चालू असताना ती करायला संकोच वाटतो, पण सोनोग्राफी करणाऱ्यांना ते रोजचं आहे. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि प्रोलॅक्टिन कोणत्याही दिवशी. प्रोलॅक्टिन ताणानेही वाढतं, म्हणून धावतपळत लोकलमधून उतरून लगेच रक्त देऊ नका, आणि किंचित वाढलेलं आलं तर गोळी सुरू करण्याआधी पुन्हा तपासा.

बीज सुटलं का हे बघायला प्रोजेस्टेरॉन या हार्मोनची तपासणी, पुढच्या अपेक्षित पाळीच्या सात दिवस आधी. चिठ्ठीवर ‘२१वा दिवस’ छापलेलं असतं. पाळी ३५ दिवसांची असेल तर तो २८वा दिवस होतो, नाहीतर रिपोर्ट उगाच ‘बीज फुटलं नाही’ म्हणतो. पाळी २१ ते ३५ दिवसांत नेमाने येत असेल तर बीज सुटत असण्याचीच शक्यता जास्त. अशा बाईला महिनोन्महिने दिवसाआड सोनोग्राफीला बोलावून ऑफिसची अर्धी रजा खर्ची घालायला लावण्यात फारसं काही हाती लागत नाही.

एएमएच या रक्ततपासण्यांतली महागडी, आणि जाहिरात हिचीच जास्त. बीजं साधारण किती उरलीत याचा अंदाज ती देते, उपचाराच्या इंजेक्शनांना बीजकोश कसा प्रतिसाद देतील तेही सांगते. बीजांची प्रत सांगत नाही. पाळी नियमित असलेल्या तरुणीला या वर्षी नैसर्गिकरीत्या दिवस जातील की नाही, हे तर तिला सांगताच येत नाही. सत्ताविसाव्या वर्षी एएमएच कमी आला म्हणून घाईने आयव्हीएफच्या (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या) टेबलावर जाऊ नका. मोफत एएमएच शिबिरात जायचं तर हे डोक्यात ठेवून जा.

नळ्यांची तपासणी, आणि क्षयरोग

वरचं सगळं झालं, त्याचा रिपोर्ट बरा आहे, तिचं बीज सुटतंय, तरी काही नाही, तर पुढे एचएसजी. गर्भाशयाच्या तोंडातून रंगद्रव्य सोडून एक्स-रे काढतात आणि नळ्या मोकळ्या आहेत का बघतात. रक्तस्राव पूर्ण थांबल्यावर आणि बीज सुटायच्या आधी, म्हणजे साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात. त्या पाळीपासून तपासणी होईपर्यंत संबंध नकोत, नाहीतर नकळत राहिलेल्या गर्भाला धोका. आयोडीनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा.

या तपासणीची ऐकीव भीती फार. खरं सांगायचं तर दुखतं. पाळीत येते तशी कळ येते, काहींना जरा जोरात, पण मिनिटांचा खेळ असतो. वेदनाशामक गोळी किती आधी घ्यायची ते विचारून घ्या. कुणीतरी सोबत हवं, आणि परतताना गर्दीच्या वेळची लोकल टाळा. एक-दोन दिवस थोडा डाग जाईल, त्यासाठी पॅड जवळ ठेवा. ताप आला, घाण वासाचा स्राव आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. काही ठिकाणी एक्स-रेऐवजी सोनोग्राफीखाली द्रव सोडून नळ्या बघतात. प्राथमिक अंदाजाला तेही चालतं.

नळी गर्भाशयाजवळच बंद दिसली तर लगेच धीर सोडू नका. कळ आली की तिथला स्नायू आवळला जातो आणि मोकळी नळीही बंद दिसते. खात्री केल्याशिवाय ‘दोन्ही नळ्या बंद’ हा शिक्का मान्य करू नये. उलट, एचएसजीनंतरच्या काही महिन्यांत आपसूक दिवस जाणाऱ्याही असतात.

नळ्या खरोखरच खराब असतील तर आपल्याकडे क्षयरोगाचा विचार करावाच लागतो. जननेंद्रियांचा क्षयरोग खोकल्याशिवाय, तापाशिवाय होतो. कधी फक्त पाळीचं प्रमाण वर्षागणिक कमी झालेलं असतं. दाटीवाटीच्या वस्तीत, बंद खोल्यांत वाढलेल्यांनी लहानपणी घरात कुणाला टीबी होता का, हे आईला विचारून जावं. बऱ्याच घरांत ते मुलींना सांगितलेलंच नसतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तराचा तुकडा घेऊन त्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी, कल्चर (जंतू वाढवून बघणं) आणि सीबीनॅट (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) करतात. नुसती पीसीआर (तशीच जनुकीय तपासणी) पॉझिटिव्ह आली आणि बाकी कशातच काही नाही, तर सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. निदान पक्कं असेल तर औषधं सरकारी कार्यक्रमातून फुकट मिळतात, आणि ती पुरी करायची.

पहिल्या फेरीत नको असलेल्या गोष्टी: टॉर्चचा (रुबेलासारख्या काही संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा) पूर्ण संच, प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या तपासण्या, सरसकट गुणसूत्रांची तपासणी, आणि कारण नसताना दुर्बिणीचं ऑपरेशन. कुणी लिहून दिलं तर ‘याच्या निकालाने उपचार बदलणार आहे का?’ एवढंच विचारा.

मुंबईत कुठे जायचं

थेट आयव्हीएफ सेंटरमध्ये जायची गरज नाही. घराजवळचे चांगले गायनॅक आणि एक भरवशाची लॅब, एवढ्यावर वरच्या जवळपास सगळ्या तपासण्या होतात. खर्च झेपत नसेल तर महापालिकेची परळचं केईएम, सायन, नायर, कूपर ही रुग्णालयं, सरकारी जे.जे. आणि सीएसएमटीजवळचं कामा, शिवाय परळचं वाडिया प्रसूतिगृह आहे. सकाळी लवकर केस पेपर काढा, आधार कार्ड आणि जुने कागद जवळ ठेवा, आणि पहिल्याच दिवशी विचारून घ्या की वंध्यत्वाची ओपीडी कोणत्या वारी असते; नाहीतर सगळी सकाळ सर्वसाधारण ओपीडीच्या रांगेत जाते. परळलाच आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था आहे. या संस्थेच्या आणि डॉ. इंदिरा हिंदुजांच्या कामातून ६ ऑगस्ट १९८६ रोजी केईएममध्ये टेस्ट ट्यूब बेबी जन्मली, देशातली पहिली म्हणून जिची वैज्ञानिक नोंद झाली ती. कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी हे १९७८ सालीच साधलं होतं, पण त्यांच्या हयातीत कुणी मानलं नाही. हे सांगायचं कारण, सरकारी दवाखान्यात ‘असलं’ काही होत नाही असं समजून लोक कर्ज काढतात.

पहिल्या भेटीला दोघं जा, आणि निदान पाच मिनिटं तरी डॉक्टरांशी एकेकट्याने बोला. सासूबाई, आई बाहेर बसू देत. लग्नाआधीचा गर्भपात, जुना संसर्ग, नवऱ्याची मनाच्या आजाराची गोळी, या गोष्टी सगळ्यांसमोर निघत नाहीत आणि त्यांवाचून निदान चुकतं. सोबत पाळीच्या सहा महिन्यांच्या तारखा, दोघांच्या चालू औषधांच्या पट्ट्या, जुनी डिस्चार्ज कार्डं. रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा, आणि फाईलवर दोघांची नावं लिहा.

रिपोर्ट आल्यावर

दोघांचं सगळं व्यवस्थित निघालं तर त्याला कारण न सापडलेलं वंध्यत्व म्हणतात, आणि ते मूल न होणाऱ्या १०० पैकी १५ ते ३० जोडप्यांत होतं. बाई तिशीच्या आसपास असेल आणि प्रयत्नांना वर्षच झालं असेल तर आणखी काही महिने घरीच प्रयत्न करणं हा खरोखरचा पर्याय आहे. ३७-३८ असेल तर नाही. पुढचा टप्पा सुचवला गेला की तीन गोष्टी विचारा: आमच्या वयाला यात यश किती, किती महिने करून बघायचं, आणि नाही झालं तर पुढे काय. आयव्हीएफसाठी २०२१च्या कायद्याप्रमाणे बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ लागतं, आयव्हीएफ सेंटरची नोंदणीही लागते. नोंदणीचं प्रमाणपत्र मागून पाहायचा संकोच करू नका. ‘आज पैसे भरले तर सूट’ म्हणणाऱ्या पॅकेजला त्याच दिवशी हो म्हणू नका.

दुसरं मत घ्यायला जाताना एचएसजीचा नुसता टाईप केलेला रिपोर्ट नेऊ नका, मूळ फिल्म किंवा सीडी न्या. वीर्याच्या रिपोर्टवर किती दिवसांचा खंड होता आणि नमुना दिल्याची व तपासल्याची वेळ लिहिली आहे का तेवढं बघा. नसेल तर तो रिपोर्ट दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा करून मगच निघा.